बुडालेला भात आणि शेतकऱ्याचा हिशेब

शेतीतल्या नव्या तंत्रज्ञानाची बातमी असली की तिच्या शेवटी एक वाक्य हमखास येतं: ‘शेतकऱ्यांची मानसिकता बदलण्याची गरज आहे.’ ड्रोन असो, ॲप असो, सुधारित बियाणं असो, ते पडून राहिलं की खापर मानसिकतेवर. वाक्य सोयीचं आहे, त्यापुढे काही तपासावं लागत नाही. तपासलं तर दिसतं की विकसनशील देशांतला अल्पभूधारक हिशेबाला पक्का असतो. आपण सरासरी उत्पादन बघतो. तो बघतो, वर्ष वाईट गेलं तर हाती काय लागेल.

याचा सगळ्यात देखणा पुरावा भाताच्या एका जनुकानं दिला आहे. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मला तो फार आवडतो.

भात पाण्यात वाढतो, पाण्याखाली नाही. पुरात रोप शेंड्यासकट बुडालं आणि आठवडा-दोन आठवडे तसंच राहिलं, तर बहुतेक जाती मरतात. यामागे एथिलीन नावाचा वायू आहे. वनस्पती तो सतत थोडा थोडा तयार करते आणि एरवी तो हवेत निघून जातो. पण हवेच्या तुलनेत पाण्यात वायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतात. त्यामुळे एथिलीन रोपातच कोंडतं, आणि ‘आपण बुडालो’ हा निरोप रोपाला त्यातूनच मिळतो.

निरोप मिळताच साधं रोप उंच व्हायला धावतं. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो, पानं आणि खोड ताणली जातात. खर्च होते ती साठवलेली साखर आणि पिष्ट. गढूळ पाण्यात उजेड नाही, कार्बन डायऑक्साइड अपुरा, म्हणजे नवी कमाई जवळजवळ बंद. पाणी उथळ असेल तर शेंडा वर निघतो आणि रोप वाचतं. नसेल तर पाणी ओसरेपर्यंत रोप लांबुडकं, पिवळं आणि आतून रिकामं झालेलं असतं. ते आडवं होतं ते उठत नाही.

ओडिशातल्या एका जुन्या स्थानिक भातातून निवडलेली ‘एफआर १३ ए’ ही जात मात्र उलटं वागते. बुडाली की वाढ थांबवते, साठा राखते आणि पाणी गेल्यावर पुन्हा फुटते. ही करामत ज्या जनुकाची, ते नवव्या गुणसूत्रावरचं ‘सब१ए’ २००६ साली ओळखलं गेलं. डेव्हिड मॅकिल आणि पामेला रोनाल्ड या शास्त्रज्ञांचे गट या कामात होते. गंमत अशी की सब१ए जागं होतं तेही एथिलीनमुळेच. जागं झालं की ते जिबरेलिनला लगाम घालणाऱ्या एसएलआर१ आणि एसएलआरएल१ या प्रथिनांचं प्रमाण वाढवतं. जिबरेलिन असलं तरी त्याचं फारसं चालत नाही. आणि खोल पाण्यातल्या तरंगत्या भातात ‘स्नॉर्केल’ नावाची जनुकं आहेत, सब१एच्याच कुळातली, एथिलीननंच जागी होणारी. ती रोपाला काही मीटर उंच नेतात. निरोप एकच, कूळ एकच, निर्णय मात्र अगदी उलटे!

पूर्व भारतात लोकप्रिय असलेल्या ‘स्वर्णा’ या भाताच्या जातीत हा सब१चा, म्हणजे सब१ए असलेला गुणसूत्राचा तुकडा साध्या संकरातून, डीएनएवरच्या खुणा तपासत उतरवला गेला. स्वर्णा-सब१ सुमारे दोन आठवडे बुडूनही तग धरते, आणि पूर न आल्यास उत्पादन नेहमीच्या स्वर्णाइतकंच. म्हणजे वाढीव उत्पन्नाचं आश्वासन नाही, फक्त वाईट वर्ष कमी वाईट.

ओडिशात या बियाण्याच्या छोट्या पिशव्या शेतकऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून पुढे काय होतं ते पाहिलं गेलं. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बियाणं मिळालेल्यांनी भाताखालचं क्षेत्र वाढवलं, खत जास्त टाकलं, कर्ज जास्त उचललं, बी विस्कटून पेरण्याऐवजी मेहनतीची लावणी केली. यातलं काही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. खताचा फायदा त्यांना आधीही ठाऊक होता; पुरात वाहून जाणाऱ्या पिकावर पैसा ओतायचा नव्हता, इतकंच. पूरप्रवण सखल जमिनी बऱ्याचदा अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आलेल्या असल्यानं या बियाण्याचा लाभही त्यांना जास्त मिळण्याची शक्यता आहे, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं.

बाटलीवर आणि पिशवीवर ‘दुप्पट उत्पादन’ छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय त्या पिशवीत काय आहे, हाही प्रश्न असतोच. युगांडातल्या बाजारातलं खत तपासलं तेव्हा त्यात नत्र सरासरी ३० टक्के कमी निघालं, आणि संकरित मका म्हणून विकलं जाणारं निम्मं बियाणं तसं नव्हतंच. अशा ठिकाणी स्वतःच्या अनुभवावरून शिकणंही अवघड. पीक फसलं ते पावसामुळे, आपल्या चुकीमुळे की भेसळीमुळे, हे वेगळं कसं करणार?

दुधाच्या धंद्यात हाच हिशेब आणखी टोकदार होतो. कालवडच व्हावी म्हणून वापरायच्या सेक्स्ड सिमेनचं, म्हणजे लिंग निवडलेल्या वीर्याचं उदाहरण घ्या. एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्राणूत वायपेक्षा सुमारे ४ टक्के डीएनए जास्त असतो. रंगद्रव्य लावून लेझरखाली तो किंचित जास्त चमकतो आणि यंत्र त्याला वेगळा काढतं. जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण ९० टक्के माद्या. पण या निवडीत शुक्राणूंची दमछाक होते, कृत्रिम रेतनासाठी वीर्य भरलेल्या कांडीत त्यांची संख्याही बरीच कमी असते, म्हणून गाय गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा खाली येतं. गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी, तोपर्यंत चारा चालूच, आणि वेत लांबलं ते लांबलंच. पन्नास गायींच्या गोठ्यात हा तोटा सरासरीत जिरतो. ज्याच्या दावणीला एकच गाय आहे त्याला सरासरी नावाची गोष्टच नसते. त्यानं साधी कांडी मागितली तर त्याला मागास ठरवण्याआधी एवढं करून बघावं: गाय उलटल्यास पुढचं रेतन फुकट आणि वाया गेलेल्या दिवसांच्या चाऱ्याचा काही भाग कांडी विकणाऱ्याच्या माथी. कांडी तीच राहील, गाभण राहण्याचं प्रमाणही तेच. बदलेल तो फक्त जोखमीचा मालक.