दाणे टिपते म्हणजे ठणठणीत? नाही!
म्हातारी कोंबडी कोपऱ्यात गप्प बसली की "वय झालं तिचं, दाणे टिपते ना, मग ठणठणीत आहे" हे वर्षानुवर्षं ऐकतो. हे चूक आहे. बाकीच्या कोंबड्या दुबळीला टोचतात, म्हणून ती दुखणं लपवते. चोच मारते, पण गिळत नाही. पहाटे गळ्याखालची पिशवी चाचपा, ती रिकामी हवी. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं, तर ती कित्येक दिवस खंगते आहे.

नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, निरोगी कोंबडी पंख अंगापासून दूर धरून धापा टाकते. त्या उन्हात पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली, आणि अंडी उबवायला खुडूकही न बसलेली, आजारीच समजा. तुरा फिका किंवा जांभळट पडला तर थांबू नका; सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.