क्ष-किरण नलिका

क्ष-किरण नलिका : वेगवान इलेक्ट्रॉन धातूच्या लक्ष्यावर आदळवून क्ष-किरण निर्माण करणारी निर्वात नळी. इलेक्ट्रॉन सोडणारे ऋणाग्र आणि ते झेलणारे धनाग्र हे तिचे दोन मुख्य भाग होत. दोन्ही काचेच्या, धातूच्या किंवा सिरॅमिकच्या आवरणात बंद असतात. आवरणाभोवती तेल आणि त्याबाहेर शिशाचे अस्तर लावलेले धातूचे कवच असते. दवाखान्यात हिला नुसते ‘ट्यूब’ म्हणतात आणि ‘ट्यूब गेली’ या दोन शब्दांत खर्च केवढा येणार हे सगळ्यांना कळते.

लक्ष्यात शिरलेला इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वळतो व मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते. या प्रारणाचा वर्णपट अखंड असतो. त्याची सर्वांत आखूड तरंगलांबी केवळ विद्युत दाबावर ठरते. १०० किलोव्होल्टला ती सुमारे ०.१२४ अँगस्ट्रॉम असते (ड्यूएन-हंट नियम, १९१५). याखेरीज लक्ष्याच्या अणूतील आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला, तर त्या मूलद्रव्याचे लाक्षणिक क्ष-किरण मिळतात. टंगस्टनच्या बाबतीत सर्वांत आतल्या कवचासाठी सुमारे ६९.५ किलोव्होल्टपेक्षा जास्त दाब लागतो. स्तनांच्या तपासणीसाठी मॉलिब्डेनमचे लक्ष्य रूढ झाले, कारण त्याचे सुमारे १७.५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण मऊ ऊतींमधले बारीक फरक दाखवतात. स्फटिकांच्या अभ्यासात तांब्याचे लक्ष्य वापरतात.

हे सर्व घडते ते मात्र दिलेल्या ऊर्जेच्या जेमतेम एका टक्क्यात. १०० किलोव्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर म्हणजे ५० किलोवॅट. दोन किलोवॅटचे पंचवीस गीझर एकदम लावल्यावर जेवढी शक्ती लागेल, तेवढी काही चौरस मिलिमीटर जागेवर उतरते आणि तिचा सुमारे ९९ टक्के भाग उष्णता होतो. त्यामुळे प्रतिमा रेखीव यावी म्हणून इलेक्ट्रॉन पडतात तो ठिपका लहान हवा आणि धातू वितळू नये म्हणून तो मोठा हवा, अशी ओढाताण आरंभापासून चालू आहे. नळीच्या रचनेतील बहुतेक शोध या एका अडचणीभोवती फिरतात.

उगम व वाद : व्हिल्हेल्म कोनराट रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्सबर्ग येथे हे किरण आढळले. ते कोणत्या नळीत आढळले, याबद्दल एकमत नाही. डिसेंबर १८९५ च्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात रंटगेन हिटॉर्फची नळी (ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सोडणारी बंद काचेची निर्वात नळी) सांगतात आणि तिच्या जोडीला पुरेशी निर्वात केलेली लेनार्टची, क्रुक्सची ‘किंवा तत्सम’ साधने जोडून देतात. त्यांच्या इच्छेनुसार १९२३ मध्ये मृत्यूनंतर प्रयोगांची कागदपत्रे जाळण्यात आली, त्यामुळे हा प्रश्न पुराव्याने सुटण्याची शक्यता फारशी उरली नाही. फिलिप लेनार्ट यांच्या नळीला अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची खिडकी होती आणि अशा नळीवर रंटगेन यांनी त्याआधी काम केले होते, हे निर्विवाद आहे. स्वतः लेनार्ट यांनी पुढे हा शोध खरे तर आपलाच असल्याचा दावा केला. मात्र पहिल्या निबंधात किरणांचा उगम म्हणून नळीच्या काचेवर सर्वांत तेजाने चकाकणारी जागा सांगितली आहे आणि ते वर्णन खिडकीच्या नळीपेक्षा अखंड काचेच्या हिटॉर्फ-क्रुक्स धाटणीच्या नळीला अधिक जुळते. बहुसंख्य अभ्यासकांचा कलही तिकडेच दिसतो.

काचेवर पसरलेल्या उगमामुळे चित्र पुसट येई. त्यावरचा उपाय म्हणजे ‘फोकस’ नळी. तिच्यात वाटीसारखे अंतर्गोल ऋणाग्र असते आणि त्याच्या वक्रतामध्याजवळ प्लॅटिनमचा तिरपा पत्रा असतो. तिचे श्रेय सहसा लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील हर्बर्ट जॅक्सन यांना देतात (१८९६). पण ९ मार्च १८९६ च्या दुसऱ्या निबंधात रंटगेन नेमकी हीच रचना सांगतात : अ‍ॅल्युमिनियमचा अंतर्गोल आरसा ऋणाग्र आणि ४५ अंशांत कललेला प्लॅटिनमचा पत्रा धनाग्र, आणि ती आपण काही आठवडे वापरत असल्याचेही नमूद करतात. त्याहून जुना दाखला विल्यम क्रुक्स यांचा आहे. ऋणाग्र-किरणांनी (ऋणाग्रातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोताने) धातू तापतो हे दाखवण्यासाठी त्यांनी १८७९ च्या सुमारास अंतर्गोल ऋणाग्रासमोर प्लॅटिनम ठेवलेली नळी केली होती. म्हणजे क्ष-किरणांच्या शोधाआधी सुमारे सोळा वर्षे फोकस नळी तयार होती. तिच्यातून आणखी काय बाहेर पडते हे मात्र कोणी पाहिले नव्हते. तेव्हा जॅक्सन यांच्याकडे नव्या वापरासाठी केलेल्या जुळणीचे आणि तिच्या प्रसाराचे श्रेय राहते. मूळ रचना त्यांची म्हणणे कठीण आहे.

वायुनलिका : या सर्व नळ्यांत थोडा वायू मुद्दाम ठेवलेला असे. वायूचे आयन ऋणाग्रावर आदळून इलेक्ट्रॉन सोडवत. वापरता वापरता हा वायू काचेत व धातूत शोषला जाई, वायूचा दाब कमी होई आणि नळी ‘कठीण’ बने. मग तिला अधिकाधिक व्होल्ट लागत आणि एके दिवशी ती चालेनाशी होई. उपाय म्हणून नळीला शेपटीसारखी पॅलेडियमची बारीक नळी जोडत. दिव्याच्या ज्योतीवर ती तापवली की ज्योतीतला हायड्रोजन धातूतून झिरपून आत जाई. ही युक्ती फ्रान्सचे पॉल व्हिलार यांच्या नावे सांगतात. नळी किती कठीण झाली हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे चालकाने स्वतःचा हात नळी आणि चकाकणाऱ्या पडद्यामध्ये धरून हाडे किती काळी दिसतात ते पाहणे. रोज, दिवसातून अनेकदा. या रीतीने किती बोटे आणि हात गेले याचा पुरता हिशेब नाही. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली यांचा १९०४ मध्ये झालेला मृत्यू त्यांतला सर्वांत परिचित. भारताच्या वायव्य सरहद्दीवर तिरह मोहिमेत (१८९७-९८) सर्जन-मेजर बीव्हर यांनी जखमी सैनिकांतील गोळ्या शोधण्यासाठी वापरले ते यंत्र याच पिढीतले. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनीही शतकाच्या अखेरीस असे यंत्र जुळवले होते.

तप्त ऋणाग्र : जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत विल्यम डेव्हिड कूलिज यांनी १९१३ मध्ये जी नळी तयार केली, तिच्यात वायूचे काम उरले नाही. टंगस्टनची तार तापवायची, तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात, आणि निर्वात जितके उच्च तितके उत्तम. तप्त टंगस्टन अगदी उच्च निर्वातातही इलेक्ट्रॉन सोडत राहतो हे त्यांचे सहकारी इर्व्हिंग लँगम्यूर यांनी दाखवले होते. तारेचे तापमान बदलले की प्रवाह बदलतो, विद्युत दाब बदलला की किरणांची भेदकता बदलते, आणि दोन्ही परस्परांपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात. आज नियंत्रण-फलकावर ‘केव्ही’ (किलोव्होल्ट) आणि ‘एमए’ (मिलिअँपिअर) अशी दोन वेगळी बटणे असतात ती यामुळेच.

अग्रक्रमाविषयी मात्र थांबून पाहावे लागते. चुन्याचा लेप दिलेले तप्त ऋणाग्र आर्तुर वेनेल्ट यांनी याआधीच वापरात आणले होते. लाइप्सिक येथे यूलियस एडगार लिलियनफेल्ड यांनीही कूलिज यांच्या थोडे आधी उच्च निर्वाताची नळी केली. तिच्यातील तप्त तंतू थेट मुख्य प्रवाह देत नसे. तो एक साहाय्यक विद्युत विसर्जन चालवी आणि त्यातून इलेक्ट्रॉन मिळत. जर्मन लेखनात लिलियनफेल्ड यांना दिले जाणारे स्थान इंग्रजी लेखनात सहसा दिसत नाही. कालक्रम लिलियनफेल्ड यांच्या बाजूने असला, तरी शुद्ध इलेक्ट्रॉन-प्रवाहावर चालणारी, साधी आणि कोणाच्याही हातात सारखी वागणारी नळी कूलिज यांचीच होती आणि टिकली तीही तीच. हेच लिलियनफेल्ड पुढे अमेरिकेत क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टरच्या सर्वांत जुन्या पेटंटांपैकी एकाचे धनी झाले.

कूलिज यांच्या नळीमागे त्यांचेच दुसरे काम उभे होते. टंगस्टनचा वितळबिंदू ३,४२२° से. (प्लॅटिनमचा १,७६८° से.), पण धातू ठिसूळ. गरम अवस्थेत वारंवार ठोकून, ओढून त्यांनी त्याची तन्य (न तुटता ओढता व वाकवता येणारी) तार काढली. १९१३ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि १९२८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयात ते रद्दही झाले. तन्यता हा शुद्ध टंगस्टनचा नैसर्गिक गुण आहे, तो सापडला, कोणी निर्माण केला नाही, असा न्यायालयाचा कौल होता. शोध आणि आविष्कार यांतील सीमारेषेच्या चर्चेत हा निकाल अजून काढला जातो.

रेषाकार ठिपका : धनाग्राचा पृष्ठभाग तिरपा कापायचा आणि इलेक्ट्रॉन लांबट पट्टीवर पाडायचे. खालून पाहता ती पट्टी आखडून जवळपास चौकोनी दिसते. दिसणारी लांबी म्हणजे खरी लांबी गुणिले कोनाची ज्या (साइन). कोन १२ अंशांचा असेल, तर ५ मिलिमीटरची पट्टी सुमारे १ मिलिमीटरची दिसते. उष्णता पाच पट जागेवर पसरते आणि चित्राची रेखीवता तशीच राहते. हे तत्त्व गोत्से यांच्या नावाने ओळखले जाते (१९१८). त्याची किंमतही मोजावी लागते. धनाग्राच्या बाजूला निघणारे किरण लक्ष्याच्याच धातूतून जास्त वाट काढत येतात, म्हणून त्या बाजूला ते क्षीण पडतात. यास टाच-परिणाम म्हणतात. जाणता तंत्रज्ञ शरीराचा जाड भाग ऋणाग्राच्या बाजूला ठेवून त्याचाच फायदा उठवतो.

फिरते धनाग्र : लक्ष्य हलते ठेवावे ही कल्पना १८९६-९७ च्या सुमारास एलिहू टॉमसन आणि आर. डब्ल्यू. वुड यांनी मांडली होती. ती बाजारात यायला तीन दशके लागली. फिलिप्समधील आल्बर्ट बाउवर्स यांनी १९२९ मध्ये ‘रोटालिक्स’ नळी आणली. एवढा उशीर कल्पनेमुळे झाला नाही. घोडे बेअरिंगपाशी अडले होते. निर्वातात तेल-ग्रीस चालत नाही, ते वाफ होऊन निर्वात बिघडवते. आत धनाग्राची लालबुंद चकती, बाहेरून दांडा घालायला वाट नाही. म्हणून आवरणाबाहेर मोटरचे स्थिर वेटोळे आणि आत तांब्याचा घूर्णक (फिरणारा भाग) अशी प्रवर्तन मोटर काच मध्ये ठेवून चालवतात आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर चांदी किंवा शिसे यांचा पातळ थर देतात. चकतीचा दांडा मुद्दाम बारीक आणि मॉलिब्डेनमचा करतात, म्हणजे उष्णता बेअरिंगकडे कमी उतरते. मग चकतीची उष्णता जाते ती मुख्यतः प्रारणाने. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर चकती मिनिटाला ३,००० पेक्षा थोडे कमी फेरे घेते, वेगवान नळ्यांत ९,००० ते १०,००० पर्यंत.

एक्स-रे काढताना हे ऐकू येते. तंत्रज्ञ बटण अर्धे दाबतो, वर कवचातून चढत जाणारी घरघर येते, तार तापते, एक-दोन सेकंद जातात. ‘श्वास रोखा’ म्हणून बटण पूर्ण दाबले की खट्‌कन काम होते. घरघरीऐवजी खरखर येऊ लागली की बेअरिंगचे दिवस भरत आले असे समजावे.

चकती आधी सबंध टंगस्टनची असे. नंतर मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूच्या अंगावर टंगस्टन-ऱ्हेनियमचा थर आणि पाठीला ग्रॅफाइट अशी रचना आली. ऱ्हेनियममुळे पृष्ठभागाला भेगा उशिरा पडतात. निकामी नळी फोडून पाहिली, तर चकतीच्या कडेचा गुळगुळीत पट्टा उन्हाळ्यातल्या आटलेल्या तळ्याच्या गाळासारखा तडकलेला दिसतो आणि काचेच्या आतून तारेतून व चकतीवरून उडालेल्या टंगस्टनचा तपकिरी आरसा चढलेला असतो. हा थर वाढला की नळीत ठिणग्या पडू लागतात. गार चकतीवर एकदम मोठा मारा केल्यास ती उभी तडकू शकते, म्हणून सकाळी हलके ‘वॉर्म-अप’ देण्याची शिस्त आहे. घाईत तीच पहिली मोडली जाते.

सीटी व नंतरच्या रचना : ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिले सीटी चित्र (शरीराच्या छेदाचे संगणकाने जुळवलेले क्ष-किरण चित्र) घेतले, तेव्हा नळी स्थिर धनाग्राची होती. पुढे यंत्रांची गती वाढली तशी फिरत्या चकत्यांची सोय करावी लागली. १९८९ मध्ये फिलिप्सने द्रव-धातूचे बेअरिंग आणले. सामान्य तापमानाला द्रव राहणारी गॅलियमची मिश्रधातू सर्पिल खाचांतून दाब निर्माण करून दांडा तरंगता ठेवते आणि उष्णताही वाहून नेते. २००३ मध्ये सीमेन्सच्या ‘स्ट्रॅटॉन’ नळीने वेगळाच मार्ग धरला : चकती फिरवण्याऐवजी सबंध नळीच तेलात फिरते, धनाग्र हा आवरणाचाच भाग असल्याने तेल त्याच्या पाठीला थेट लागते आणि इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळवून ठरावीक जागी पाडतात. बेअरिंग निर्वाताबाहेर गेल्याने जुनी अडचण तिथे उरली नाही. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेत तर लक्ष्य म्हणून द्रव धातूची सतत वाहती धारच घेतली आहे. जे आधीच वितळलेले आहे ते वितळण्याची भीती कशाला?

दातांच्या व लहान फिरत्या यंत्रांत स्थिर धनाग्र, म्हणजे तांब्याच्या ठोकळ्यात बसवलेली टंगस्टनची टिकली, अजूनही पुरते. तेथे ६० ते ७० किलोव्होल्ट आणि काही मिलिअँपिअरच लागतात. कवचातून गळणाऱ्या किरणांवर सर्वत्र मर्यादा आहे. वैद्यकीय निदानाच्या नळीसाठी ती एक मीटर अंतरावर तासाला १ मिलिग्रे (ग्रे हे प्रारणाच्या मात्रेचे एकक) इतकी असून भारतात तिची अंमलबजावणी मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे.