गर्भधारणेआधीचं पोषण (ग्रामीण विदर्भ)

मूल राहायच्या आधीच बाईच्या अंगात फॉलिक अॅसिड, लोह, आयोडीन, बी-१२ पुरेसं असावं म्हणून जे खाणं नि ज्या गोळ्या घेतल्या जातात त्याला गर्भधारणेआधीचं पोषण म्हणतात. यात फॉलिक अॅसिड सगळ्यात आधी, कारण बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, आणि आपल्याकडे कापूस वेचणीच्या घाईत पाळी आठ-दहा दिवस पुढे गेली तरी बाई लक्ष देत नाही, मग आशाताईकडे नाव नोंदवते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अन् गोळी तेव्हा सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो! म्हणून मूल पाहिजे असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, ते तिसरा महिना पुरा होईपर्यंत. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल किंवा बाईला फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधीच विचारायचं, डोस बदलू शकतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना अॅनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला. गरोदर नसताना हिमोग्लोबिन किमान १२ पाहिजे. २०१८ च्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात मोठ्या बायांसाठी आठवड्याला एक लाल गोळी आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, पण ती रक्तासाठी, तिनं रोजच्या फॉलिक अॅसिडचं काम भागत नाही. गोळीनं शौचाला काळं होतं, मळमळते, म्हणून कितीतरी घरी पाकिटं तशीच पडून राहतात, खरं तर काळं होण्यात घाबरण्यासारखं काहीच नाही आणि जेवल्यावर घेतली की मळमळ कमी होते. फक्त चहासोबत घेऊ नये. लिंबू, आवळा, संत्र्यासोबत लोह चांगलं अंगी लागतं. पालेभाजी, तुरीचं वरण, जवसाची चटणी खावीच, पण तेवढ्यावर गोळी सोडू नये.

विदर्भात अजून एक गोष्ट पाहावी लागते, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, सगळीकडे आहे. एसएस, म्हणजे हा आजार असलेल्या बाईनं लोहाची गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यावी, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं. नवरा-बायको दोघंही एएस, म्हणजे स्वतःला आजार नाही पण मुलाला देऊ शकतात असे वाहक, असले तर दर खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. एएस-एसएस आयुष्यभर बदलत नाही, त्यामुळे पक्का रिपोर्ट एकदा मिळाला की जपून ठेवावा अन् पहिल्या तपासणीला सोबत न्यावा.