ऑस्ट्रेलिया स्वतंत्र झाला कधी?

ऑस्ट्रेलियाला स्वातंत्र्यदिन नाही. २६ जानेवारीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, पण ती १७८८ साली ११ जहाजांतून कैदी घेऊन आलेल्या ताफ्याने सिडनीच्या खाडीत ब्रिटिश निशाण रोवलं त्या दिवसाची, म्हणजे वसाहत सुरू झाल्याची. मूळ रहिवाशांपैकी अनेक जण त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. वसाहत संपल्याचा दिवस कोणता, यावर मात्र तिथल्या कायदेपंडितांचंही एकमत नाही.

एकोणिसाव्या शतकात एकाच्या सहा वसाहती झाल्या आणि १८५० च्या दशकापासून एकेकीला अंतर्गत कारभार मिळत गेला. सर्वांत शेवटी, १८९० मध्ये, तो पश्चिम ऑस्ट्रेलियाला मिळाला. १ जानेवारी १९०१ रोजी सहाही वसाहतींचं संघराज्य झालं. या तारखेचं कौतुक जरा जास्तच होतं. संघराज्याची घटना ब्रिटिश संसदेच्याच कायद्याचा भाग होती, आणि १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं तेव्हा ऑस्ट्रेलियाही आपोआप उतरला. वेगळा निर्णय घ्यायची सोयच नव्हती.

खरी गुंतागुंत आहे 'डोमिनियन' या शब्दात. मराठीत त्याला आपण 'वसाहतीचं स्वराज्य' म्हणतो, आणि घोळ नेमका तिथेच आहे: वसाहतही आणि स्वराज्यही. १९२६ च्या लंडन परिषदेत ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांसारखे डोमिनियन ब्रिटनच्या बरोबरीचे ठरले. १९३१ मध्ये त्याला कायद्याचं रूप आलं: यापुढे डोमिनियनने मागणी आणि संमती दिल्याशिवाय ब्रिटिश संसद त्याच्यासाठी कायदा करणार नाही. कॅनडाला तो लगेच लागू झाला. ऑस्ट्रेलियाने मात्र अट घालून घेतली, की आमची संसद स्वीकारील तेव्हाच मुख्य कलमं आम्हाला लागू होतील. नंतर तब्बल ११ वर्षं तिने ती स्वीकारलीच नाहीत.

दार उघडं असताना उंबरठ्यावर थांबण्याचा हा प्रकार आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण घटक राज्यांना केंद्र शिरजोर होण्याची धास्ती होती. सत्ताधाऱ्यांपैकी अनेकांना ब्रिटन हेच घर वाटे, आणि समुद्रावर संरक्षणाची भिस्त ब्रिटिश आरमारावर होती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं ते असं: ब्रिटनने युद्ध पुकारलं आहे, सबब ऑस्ट्रेलियाही युद्धात आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, चारच दिवसांत डार्विनवर जपानी बॉम्ब कोसळले, आणि आरमाराची भिस्तही गेली. त्यातच मार्चमध्ये 'ऑस्ट्रेलिया' नावाच्याच युद्धनौकेवर एका खलाशाचा खून झाला. दोन सहकाऱ्यांना फाशी फर्मावली गेली. नौदलाला ब्रिटिश कायदा लागू असल्याने ही शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार ऑस्ट्रेलियन सरकारला नव्हता; राजाकडे रदबदली करावी लागली आणि मग फाशीची जन्मठेप झाली. आपल्याच जहाजावरच्या आपल्याच माणसांबाबतचा हा अनुभव, शिवाय युद्धकाळातल्या नियमांना कायदेशीर आव्हान मिळण्याची भीती. अखेर ९ ऑक्टोबर १९४२ रोजी १९३१ चा कायदा स्वीकारला गेला, तोही ३ सप्टेंबर १९३९ पासून, पूर्वलक्षी प्रभावाने. मला विचाराल तर स्वातंत्र्याची तारीख हीच, जरी तिची मिरवणूक कुणी काढत नसलं तरी.

तरी शेपूट राहिलंच. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व अस्तित्वात आलं २६ जानेवारी १९४९ रोजी, आणि त्यानंतरही नागरिक 'ब्रिटिश प्रजाजन' राहिले. १९४२ चा निर्णय केंद्रापुरता होता. राज्यांच्या न्यायालयांतली अपिलं लंडनला जातच राहिली. ती थांबली १९८६ मध्ये, आणि तेही जवळपास शब्दशः सारखे दोन कायदे करून, एक ब्रिटिश संसदेचा, एक ऑस्ट्रेलियन. नेमका अधिकार कुणाचा याची शंका उरू नये म्हणून दोन्ही ३ मार्चला, ग्रीनिच वेळेनुसार पहाटे ५ वाजता, एकाच क्षणी अमलात आले.

जून १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने ब्रिटनला 'परकीय सत्ता' ठरवलं आणि ब्रिटिश नागरिकत्व न सोडलेल्या एका महिलेची सिनेटवरची निवड रद्द केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जनमत घेतलं गेलं, तेव्हा मतदारांनी प्रजासत्ताकाचा प्रस्ताव फेटाळून त्याच परकीय सत्तेच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदी कायम ठेवलं.