पाण्याचा सर्व्हे आणि पांढरीचा सर्व्हे: रॉड तेच, प्रश्न वेगळा

गावाशेजारी पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा, असलं आणि नांगराला घडीव दगड लागला, की सातारा-सांगलीकडे एक सल्ला हमखास मिळतो: पाणी बघायचं मशीन बोलवा, खाली काय आहे ते कळेल. उलटही होतं. पुरातत्त्वाची मंडळी रॉड लावलेली चौकट घेऊन शेतात फिरताना दिसली, की बांधावरून हाक येते, "साहेब, जाता जाता बोअरचा पॉइंटपण देऊन जावा." दोन्हीला रेझिस्टिव्हिटी सर्व्हे म्हणतात, दोन्हीत रॉड, वायर आणि बॅटरी असते, म्हणून हा घोळ. पण त्यापायी लोकांचे पैसे जातात आणि, त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच रीडिंगच्या भरवशावर टेकाडात जेसीबी घातला जातो.

पाण्याचा सर्व्हे जत, आटपाडी, माण, खटावच्या माणसाला समजावून सांगायला नको. पाणाड्याच्या नारळाचं सोडा, मी मशीनबद्दल बोलतोय. चार रॉड ठोकायचे, बाहेरच्या दोन रॉडमधून जमिनीत करंट सोडायचा आणि आतल्या दोन रॉडमध्ये किती व्होल्टेज येतं ते मोजायचं. त्यावरून जमीन करंटला किती अडवते ते कळतं. ओली, भेगाळलेली जागा कमी अडवते, अखंड काळा कातळ जास्त अडवतो. इथपर्यंत दोन्ही सर्व्हे सख्खे भाऊ आहेत. पुरातत्त्वाने ही पद्धत पाणी आणि खनिजं शोधणाऱ्यांकडूनच घेतली. १९४६ साली पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांनी इंग्लंडमध्ये थेम्सकाठच्या डॉर्चेस्टरला ती वापरली, तिथून तिची पुरातत्त्वातली वाटचाल सुरू झाली.

खरी फारकत रॉड कसे हलवतात त्यात आहे, आणि नेमकं तिकडेच कोणी बघत नाही.

पाणी बघणारा एक जागा पक्की धरतो. मधला पॉइंट हलत नाही, बाहेरचे रॉड दोन्ही बाजूंना लांब लांब नेले जातात: आधी दोन-चार मीटर, मग दहा, मग पन्नास, शेत मोठं असेल तर शंभर. रॉडमधलं अंतर वाढेल तसा करंट खोल उतरतो. म्हणजे त्याचा प्रश्न असा असतो: या एका जागेखाली, खोल जाताना, काय काय लागेल? माती, मुरूम, भेगाळ खडक, गेरूचा तांबडा थर, पुन्हा कातळ. हे गणित एका गृहीतावर चालतं, की थर आडवे आहेत आणि रॉड जिथवर गेले तिथवर साधारण सारखे आहेत. आपल्याकडे हे गृहीत बऱ्यापैकी खरं ठरतं, कारण आपला खडक लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. यवतेश्वरच्या घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

पांढरीचा सर्व्हे करणारा याच्या बरोबर उलट करतो. तो रॉडमधलं अंतर पक्कं धरतो आणि जागा हलवतो. नेहमीच्या पद्धतीत चौकटीवर दोन रॉड अर्ध्या मीटरवर बसवलेले असतात. उरलेले दोन निदान पंधरा मीटर लांब ठोकून ठेवतात आणि वायरने जोडतात. मग २० मीटर बाय २० मीटरचा चौकोन आखायचा आणि मीटर-मीटरवर चौकट टेकवत जायचं. एका चौकोनात ४०० रीडिंग होतात. खोली सगळीकडे तीच, साधारण पाऊण ते एक मीटर. त्याचा प्रश्न: या एका खोलीवर, शेतभर, कुठे काय बदलतं?

म्हणून पाण्याच्या सर्व्हेत आकड्याला स्वतःचा अर्थ असतो. काळी चिकण माती पाच-दहा ओहम-मीटर (हे अडवण्याचं माप) दाखवते, पाणी धरलेला भेगाळ बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, साधारण वीस ते पंचेचाळीस, अखंड कातळ त्याच्या पुष्कळ वर. पांढरीच्या सर्व्हेत सुटा आकडा काहीच सांगत नाही. अमुक जागी ३८ आलं, याचा अर्थ काय? शेजारच्या ३९९ आकड्यांशी लावून बघितल्याशिवाय काही नाही. ते आकडे करड्या छटांत मांडले आणि त्यातून सरळ रेघ निघाली, ती काटकोनात वळली, पुढे दुसरीला मिळाली, तर भिंतीचा संशय घ्यायचा. पुरावा आकड्यात नसतो, आकारात असतो.

आता पाणी बघणाऱ्याला टेकाडावर बोलावलं तर काय होईल ते बघा. शंभर मीटर पसरलेल्या वायरींमधून येणारं रीडिंग हे मधल्या सगळ्या मातीखडकाचं एकत्रित असतं. दोन फुटी भिंत त्यात हरवून जाते. अगदी सुरुवातीच्या, रॉड जवळ असतानाच्या रीडिंगवर भिंतीचा परिणाम होतोही. पण एका जागेवरून ती भिंत आहे, दगडांचा ढीग आहे की वर आलेला मुरूम, हे कोणालाही सांगता येणार नाही. भिंत उभी असते आणि त्याचं गणित आडव्या थरांचं असतं. चौकटवाल्याला तुमचं दोनशे फुटांवरचं पाणी दिसत नाही तेही याच कारणाने: त्याचा करंट तिथवर जातच नाही. एकाच ओळीत पुष्कळ रॉड लावून जमिनीचा उभा छेद काढणारी इमेजिंगची पद्धत दोन्ही कामांना चालते. भुईकोटाचा बुजलेला खंदक किती खोल आहे, हे बघायला मी तीच सुचवेन. पण तोही एका ओळीचा छेद असतो, शेताचा नकाशा नव्हे.

दुसरा फरक हंगामाचा. बोअरची घाई एप्रिल-मेमध्ये होते. पांढरीला तो काळ वाईट: काळ्या रानाला भेगा पडतात, रॉडची पकड बसत नाही, आकडे उड्या मारतात. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जमीन वाळत असते तेव्हा दगडी पाया लवकर कोरडा होतो आणि जुना खड्डा ओल धरून ठेवतो, म्हणून फरक उठून दिसतो. बागायतीत मात्र सांभाळायचं. अर्ध्या रानाला पाट सोडला असेल, तर भिजल्या रानाची कड नकाशावर भिंतीइतकीच सरळ उमटते. मोडलेला बांधही तसाच उमटतो.

कृष्णाकाठच्या खोल काळ्या मातीत घडीव दगडाचा पाया छान दिसतो. माणदेशात दोन फुटांवर खडक असेल तर पायाही जास्त अडवतो आणि खडकही, मग पाया ओळखू येत नाही. काळ्या मातीतच बांधलेली मातीची भिंत तर बहुतेक दिसत नाहीच.

"मग जीपीआर आणा," असं लगेच कोणीतरी म्हणतं, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडणारं मशीन. आपल्या काळ्या रानात रडारच्या लहरी थोड्याच अंतरात जिरतात. तिथे त्यावर पैसे घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत. जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारा मॅग्नेटोमीटर भट्ट्यांसाठी उत्तम. १९५८ साली मार्टिन ऐटकेन यांनी इंग्लंडमधल्या वॉटर न्यूटनला रोमन काळातली कुंभाराची भट्टी त्यानेच शोधली. पण बेसॉल्टचा प्रत्येक धोंडा स्वतःच चुंबकीय, त्यामुळे आपल्याकडे नकाशा ठिपक्यांनी भरून जातो.

आणि यातलं एकही मशीन गुप्तधन दाखवत नाही. कमी अडवणारी जागा म्हणजे सोनं, असं सांगणाऱ्याला रानातून बाहेर काढा. ती जागा बहुतेक ओल असते.

टेकाडावर सर्व्हे करायचाच असेल तर आधी नांगरट झाल्यावर रान पायी फिरून घ्या. खापरं कुठे दाट आहेत ते कागदावर मांडा, फोटो काढा, उचलू नका. चौकोन कुठे आखायचा ते त्यावरून ठरतं, आणि हे काम कोणतंही मशीन करत नाही. नकाशात रेघ दिसली तरी खातरजमा म्हणून खड्डा घेऊ नका. हे रॉड चार-सहा बोटंच जमिनीत जातात, खालचं काही हलत नाही, आणि या पद्धतीची सगळी किंमत त्यातच आहे. नकाशा पुरातत्त्व खात्याला दाखवा. नांगरताना नाण्यांचं मडकं निघालं, तर ते १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि ते जिथे निघालं ती जागा तशीच ठेवली तरच पुढे कोणाला तिथलं काही वाचता येतं.