काटकसरी जनुकं आणि चरबीत मुरलेली विषं

१९६२ साली दोन गोष्टी छापून आल्या. जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञाने मधुमेहावर एक लेख लिहिला. उपासमारीच्या काळात चरबी चटकन साठवणारी ‘काटकसरी’ जनुकं माणसाला तगवत आली असावीत आणि खायला भरपूर मिळू लागल्यावर तीच अंगावर उलटली असावीत, असा त्यांचा तर्क होता. त्याच वर्षी रेचल कार्सन यांचं कीटकनाशकांवरचं पुस्तक आलं आणि डीडीटीवर रान उठलं. पण चर्चा झाली ती पक्ष्यांची, माशांची आणि कर्करोगाची. वजनाचा आणि रक्तातल्या साखरेचा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता. मधुमेहाचे अभ्यासक जनुकांकडे आणि ताटाकडे पाहत राहिले, विषशास्त्राचे अभ्यासक विषाकडे. या दोन वाटा एकमेकींना मिळायला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

खरं तर सावध व्हायला एक निमित्त आधीच मिळालं होतं. १९७५मध्ये अमेरिकेत व्हॅकॉर नावाचं उंदीर मारायचं औषध विक्रीला आलं. चुकून किंवा जीव द्यायला म्हणून ते पोटात गेलेल्यांपैकी जे वाचले, त्यांच्यातल्या अनेकांना कायमचा मधुमेह जडला. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच त्याने मारल्या होत्या. १९७९मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं आणि विषय तिथेच मिटला. विषबाधेची ती एक विचित्र तऱ्हा, यापलीकडे त्याचा फारसा विचार झाला नाही. एका घोटात गेलेलं विष आणि वर्षानुवर्षं कणाकणाने अंगात जाणारं विष या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरंच, पण ‘रसायनामुळे मधुमेह होऊच शकत नाही’ असं म्हणायची सोय त्यानंतर उरली नव्हती.

पुढचा धागा व्हिएतनाममधून आला. तिथे १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने जंगलांवर तणनाशकं फवारली. त्यांतल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये डायॉक्सिन या जहाल विषारी रसायनाची भेसळ होती. कुणी ती मुद्दाम घातली नव्हती, तणनाशक बनवतानाच ती तयार होत असे. या डायॉक्सिनचा टाइप-२ मधुमेहाशी संबंध असल्याचा मर्यादित पुरावा आहे, असा निर्वाळा तज्ज्ञ समितीने २००० साली दिला. त्यानंतर माजी सैनिकांच्या भरपाईच्या यादीत मधुमेह आला.

कलाटणी मिळाली ती २००६ साली. डक-ही ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सर्वसामान्य २,०१६ प्रौढांच्या रक्तात डीडीटीचा अवशेष असलेला डीडीई, क्लोरडेन या कीटकनाशकाचे अवशेष आणि अशीच आणखी काही चिवट रसायनं मोजली. त्यांचं प्रमाण जसं वाढे तसं मधुमेहाचं प्रमाणही वाढे, तेही थोडंथोडकं नव्हे, कित्येक पटींनी. त्याहून चकित करणारं म्हणजे, ज्यांच्या रक्तात ही रसायनं जवळपास सापडलीच नाहीत, त्यांच्यात लठ्ठपणा आणि मधुमेह यांचं एरवी ठरलेलं नातं दिसेना.

इथे हात आखडता घ्यायला हवा. ही रसायनं चरबीत मुरतात. ज्याच्या अंगात चरबी जास्त, त्याच्याकडे साठवायची कोठी मोठी. वजन घटलं की तीच रसायनं रक्तात उतरतात. तेव्हा आधी विष की आधी आजार, हे एकदाच काढलेल्या रक्तावरून ठरत नाही. म्हणून आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनात १९९३पासून सुरू असलेला, फवारणी करणाऱ्या हजारो शेतकऱ्यांचा अभ्यास मला जास्त वजनदार वाटतो. त्यात आधी वापर नोंदवला गेला आणि मग वर्षं उलटू दिली. २००८मध्ये त्यातून सात कीटकनाशकं आणि तणनाशकं मधुमेहाशी जोडली गेली. आल्ड्रिन, क्लोरडेन आणि डायक्लोरव्हॉस त्यांतलीच.

२००६मध्येच ‘ओबेसोजेन’, म्हणजे लठ्ठपणा वाढवणारं रसायन, हा शब्द रूढ झाला. फेलिक्स ग्रून आणि ब्रूस ब्लुमबर्ग यांनी ट्रायब्युटिलटिन तपासलं. बोटींच्या बुडाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी रंगात घालत ते रसायन. ते पेशींमधल्या ज्या ग्राहीला, म्हणजे रासायनिक संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, डिवचतं, त्याच ग्राहीवर मधुमेहाची ग्लिटाझोन गटातली औषधं काम करतात, आणि त्या औषधांनी वजन वाढतं हे डॉक्टरांना आधीच ठाऊक होतं.

जनुकांच्या बाजूने याच सुमारास मधुमेहाशी जोडलेलं टीसीएफ७एल२ आणि वजनाशी जोडलेलं एफटीओ ही मोठी नावं पुढे आली. एफटीओच्या धोकादायक रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या माणसाचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं. शोध मोठा, पण पीओएन-१ हे जनुक या विषयाच्या जास्त जवळचं आहे. त्यातून पॅरॉक्सोनेज नावाचं एन्झाइम बनतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या काही कीटकनाशकांची विषारी रूपं तेच मोडतं, आणि रक्तातल्या चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवर ते बसलेलं असतं. त्याच्या साखळीत १९२व्या जागी कुणाकडे एक अमिनो आम्ल असतं, कुणाकडे दुसरं.

डेन्मार्कमध्ये हरितगृहांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या मुलांची शाळकरी वयात तपासणी झाली. गर्भात असताना कीटकनाशकांचा संपर्क आलेल्या आणि १९२व्या जागी ‘आर’ प्रकार असलेल्या मुलांची कंबर आणि अंगातली चरबी जास्त निघाली. ज्यांच्याकडे हा प्रकार नव्हता, त्यांच्यात संपर्काचा तसा ठसा दिसला नाही. अभ्यास लहान होता, पण नील आणि कार्सन यांचे विषय तिथे एकाच मुलाच्या अंगात भेटले.

सुरक्षित मात्रा ठरवण्याची रीत मात्र जुनीच आहे. प्राण्यांना अपाय न करणारी मात्रा घ्यायची, प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी तिला दहाने भागायचं आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा दहाने. कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर कुटुंबांत पीओएन-१चं प्रमाण मोजलं, तेव्हा नुसत्या नवजात बाळांतच ते एकाकडून दुसऱ्याकडे २६ पटींपर्यंत बदलत होतं आणि बाळांची सरासरी आयांच्या चौथाईवर होती. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने मुलांसाठी आणखी एकदा दहाने भागायला सांगितलं, पण भरवशाची माहिती हाती असेल तर हा शेवटचा भागाकार कमी करायची मुभाही त्याच कायद्यात आहे.