एन्झाइमची फाइल पाठवण्यापूर्वी: हिस्टिडीनवरच्या प्रोटॉनविषयी

एन्झाइमच्या रचनेची फाइल तयार असतानाही त्याच्या हालचालींचे संगणकीय सिम्युलेशन लगेच सुरू का होत नाही आणि प्रोटॉन-तपासणीचे, म्हणजे हायड्रोजनचे केंद्रक कुठे बसले आहेत हे पाहण्याचे, शुल्क वेगळे का आकारले जाते, अशी विचारणा आमच्याकडे सतत होते. ही रचना बहुधा स्फटिकावर क्ष-किरण टाकून ठरवलेली असते. क्ष-किरण हे इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच असतो. त्यामुळे विभेदन, म्हणजे दिसणारा बारकावा, सुमारे १ आंगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) किंवा त्याहून सूक्ष्म असल्याशिवाय त्याची जागा सहसा दिसत नाही. म्हणजे आपल्या फाइलमधले हायड्रोजन बहुधा सॉफ्टवेअरने मागाहून, अंदाजाने बसवलेले असतात.

प्रथिनाच्या पृष्ठभागावर हा अंदाज बऱ्याचदा खपून जातो, सक्रिय स्थानात, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते तिथे, मात्र तो महागात पडतो. सर्वाधिक वेळ खातो तो हिस्टिडीन हा अमिनो आम्लाचा घटक. त्याच्या कड्यात डेल्टा आणि एप्सिलॉन अशा नावांचे दोन नायट्रोजन असून प्रोटॉन डेल्टावर, एप्सिलॉनवर किंवा दोन्हींवर असू शकतो. कायमोट्रिप्सिन या पाचक एन्झाइममध्ये हिस्टिडीन ५७ (आकडे हे साखळीतील अमिनो आम्लांचे क्रमांक) च्या डेल्टा नायट्रोजनवरचा हायड्रोजन ॲस्पार्टेट १०२ शी बंध जोडतो, तर एप्सिलॉन नायट्रोजन मोकळा असतो, कारण अभिक्रियेच्या वेळी सेरीन १९५ चा प्रोटॉन त्यालाच स्वीकारायचा असतो. अनेक सॉफ्टवेअर काही सांगितले नाही तर हायड्रोजन एप्सिलॉनवरच ठेवतात. मग ॲस्पार्टेटचा ऑक्सिजन आणि डेल्टा नायट्रोजन हे दोघेही प्रोटॉन मागत समोरासमोर येतात, सेरीनच्या प्रोटॉनला जागा उरत नाही आणि हे त्रिकूट विस्कटते. नेहमीच्या फोर्स फील्डमध्ये, म्हणजे अणूंमधील बलांच्या सूत्रसंचात, सहसंयुज बंध तुटत किंवा नव्याने जुळत नसल्यामुळे सिम्युलेशन कितीही लांबवले तरी ही चूक सुधारत नाही. सगळी गणना पुन्हा करावी लागते.

‘पीएच ७ धरा’ एवढी सूचनाही पुरत नाही. लायसोझाइम या एन्झाइममधल्या ग्लूटामेट ३५ चे पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो ते मूल्य) ६ च्या आसपास आहे, तर ग्लूटामिक आम्लाच्या बाजूच्या साखळीचे पाण्यातले मूल्य सुमारे ४.२ आहे. हे काम स्वयंचलित साधने करतात, हे खरे आहे, आणि ती आम्हीही वापरतो. परंतु ती चालवण्याआधी फाइलमधून लिगंड, म्हणजे सक्रिय स्थानात बसलेला रेणू, काढून टाकला असेल, तर उत्तर रिकाम्या सक्रिय स्थानाचे मिळते. म्हणून तेथील प्रत्येक हिस्टिडीनचे शेजारी आम्ही स्वतः पाहतो.

कृपया हायड्रोजन न बसवलेली मूळ फाइल, लिगंडसह, पाठवावी आणि स्फटिक वाढवतानाचा नव्हे, तर आपल्या प्रयोगाचा पीएच कळवावा. प्रोटॉनचे स्थलांतर प्रत्यक्ष अभ्यासायचे असल्यास क्वांटम आणि अभिजात यांत्रिकीची जोड लागते. वॉरशेल आणि लेविट यांनी १९७६ मध्ये लायसोझाइमसाठी वापरलेली ही पद्धत आमच्याकडे उपलब्ध आहे, पण तिच्याआधीही ही तपासणी टळत नाही. तपासणीचा लेखी अहवाल आपल्याकडेच राहतो आणि पुढील गणना अन्यत्र करून घेतली तरी तो उपयोगी पडतो.